स्फिंक्स की पर्शियन : अंघोळ सोपी की फणी?

"घरभर केस नकोत म्हणून स्फिंक्स घेतोय," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, चादरी कुठल्या रंगाच्या आहेत? ही बिनकेसांची मांजर पांढऱ्या चादरीवर चार दिवस झोपली की तेलकट, तपकिरी डाग दिसू लागतात. मांजराच्या कातडीतून तेल पाझरतच असतं. लांब केसांच्या पर्शियन मांजराच्या बाबतीत ते केसांवर पसरतं, स्फिंक्सच्या अंगावर नुसती बारीक लव, त्यामुळे तेल आणि धूळ तिथेच साचते. केस गेले, काम नाही गेलं.

पर्शियनचं काम रोजचं. स्टीलच्या फणीने दहा-पंधरा मिनिटं, काखेत, कानामागे, पोटाखाली. दोन-तीन दिवस चुकले की गाठी, आणि गाठींच्या जटा झाल्या की कातडी ओढली जाऊन मांजर कळवळतं. अशी जट घरच्या कात्रीने कापू नका, पातळ कातडी सहज चिरते. चपट्या नाकामुळे डोळ्यांतून पाणी येतं, तेही रोज पुसावं लागतं.

स्फिंक्सला फणी लागत नाही, पण आठवड्याला किंवा दहा दिवसांनी अंघोळ हवीच. कोमट पाणी, मांजरांचाच शाम्पू, मानेच्या वळ्या आणि काखा नीट धुवायच्या, पंखा बंद ठेवून लगेच टॉवेलने कोरडं करायचं. रोज अंघोळ मात्र नको, कातडी कोरडी पडते. कानात केस नसल्याने काळपट मळ भराभर जमतो. डॉक्टरांनी दिलेलं औषध कापसावर घेऊन दिसतो तेवढाच भाग पुसा, काडी आत घालू नका. नखांच्या मुळाशीही चिकट मळ बसतो, तो ओल्या कापडाने निघतो. आपल्याकडे घरातली मोठी माणसं प्रेमाने खोबरेल किंवा उटणं सुचवतात. त्यांना हळूच थांबवा. अंगावर लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं. टी ट्री तेल तर मांजरांना विषारी आहे.

ॲलर्जीसाठी स्फिंक्स घेत असाल तर थांबा. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने, आणि ते दोघींतही असतं. आधी अशा मांजरासोबत काही तास घालवून बघा.

नागपूरच्या मे महिन्यात पर्शियनला धाप लागते, नाशिकच्या डिसेंबरात स्फिंक्स कुडकुडते. स्फिंक्सला स्वेटर आणि उबदार अंथरूण हवं, शिवाय खिडकीतल्या कडक उन्हाने तिची कातडी भाजते. माणसांचं सनस्क्रीन तिला चालत नाही, पडदा ओढणं बरं.

पिल्लू विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा. स्फिंक्स असेल तर आई-बापाच्या हृदयाची इको तपासणी झाली आहे का? पर्शियन असेल तर मूत्रपिंडातल्या गाठींची जनुकीय चाचणी? उत्तर टाळलं तर तिथून पिल्लू घेऊ नका.

माझं मत सांगते. रोज संध्याकाळी थकून येत असाल आणि रविवार मोकळा असेल, तर स्फिंक्स झेपेल. पण ती माणसाला चिकटून राहणारी आहे, दिवसभर बंद घरात एकटी ठेवू नका. रोज पंधरा मिनिटं मांडीवर मांजर घेऊन बसायला आवडत असेल, तर पर्शियन घ्या. दोन्हींपैकी कुठलंही आणा, पाण्याची, फणीची आणि पंजाला हात लावू देण्याची सवय पिल्लूपणीच लावा. मोठ्या मांजराला ती लावताना दोघांचेही हाल होतात.