कानाला चिमटे, खिशाला कात्री

बँकेच्या काउंटरवर बसून मी रोज लोकांना बजावते, ओटीपी कुणाला सांगू नका. तीच मी एका संध्याकाळी क्लबहाउसच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ॲलर्जीच्या 'उपचारा'साठी अनोळखी माणसाला ३४,५०० रुपये स्वतःच्या बोटाने पाठवले. ओटीपीसुद्धा लागला नाही.

सिंहगड रोडला राहायला आल्यापासून पावसाळा म्हणजे सकाळी उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका, नाकाला धार आणि डोळे चोळून चोळून लाल. इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं वाढतं. तीन वर्षांपूर्वी त्यात दमाही निघाला. रात्री पंप, सकाळी नाकात स्प्रे, फारच झालं तर सेटिरिझिन, आणि मग दिवसभर पेंगणं. "हे कायमचं का हो?" असं विचारलं की डॉक्टर "कंट्रोलमध्ये राहील" म्हणायचे. हा शब्द ऐकून ऐकून मला वीट आला होता.

सप्टेंबरअखेरीस सोसायटीत मोफत ॲलर्जी तपासणी शिबिर लागलं. पांढरा कोट घातलेल्या तरुणाने एका हातात पितळेची दांडी धरायला दिली, दुसऱ्या तळहातावर पेनासारखी काडी टेकवत गेला. लॅपटॉपमधून बावीस गोष्टींची यादी निघाली: दही, वांगं, गहू, धूळ, झुरळ, शेंगदाणे. यादीत धूळ होतीच, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. अशी काडी त्वचेतून वीज किती वाहते तेवढंच मोजते, आणि ते हाताला घाम किती आहे नि काडी किती दाबली यावर बदलतं, हे पुढे कळलं. दही मात्र मी दीड महिना सोडलं.

मग त्यांचे 'सर' आले. "मॅडम, ॲलर्जी नाकात नसतेच, मेंदूत असते. मेंदू चुकीचा सिग्नल देतो, आपण तो रीसेट करायचा." दोन्ही कानांच्या पाळ्यांना चिमटे, त्यातून अगदी सौम्य करंट, चाळीस मिनिटं, एकवीस सिटिंग. नंतर मशीन घरी न्यायचं, तेही 'फ्री'. आणि वर, अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी नियामकाची मान्यता! कार्डावर 'न्यूरो थेरपिस्ट' छापलं होतं. कुठला नोंदणी क्रमांक नव्हता. मी पाहिलंच नाही.

पहिले दोन आठवडे बरं वाटलं, हेही प्रामाणिकपणे सांगते. शिंका निम्म्यावर आल्या, झोप छान लागायला लागली. मी दोन मैत्रिणींनाही पाठवलं (एक सुदैवाने गेली नाही). आता हिशेब लागतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरला होता, प्लॉटवरचं गवत महापालिकेने नेमकं तेव्हाच कापलं होतं, आणि नाकातला स्प्रे अजून चालूच होता. शिवाय चाळीस मिनिटं फोन बाजूला ठेवून अंधाऱ्या खोलीत पडून राहायला मिळालं, तर कुठल्याही बाईला झोप लागेल.

आठव्या सिटिंगला सर म्हणाले, औषधांमुळे करंटचं काम अडतं, आता ती बंद करा. स्प्रे बंद केला. पंपही बंद केला. घरी कुणाला सांगितलं नाही, कारण हे चिडले असते. आठवड्याभरात नाक पुन्हा गळायला लागलं. तेव्हा उत्तर मिळालं, "हीलिंग क्रायसिस आहे, आतली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण!" लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुरात छाती अशी भरली की वाक्य पुरं करता येईना. रात्री एक वाजता हॉस्पिटलात नेब्युलायझर लावला, दोन दिवस राहावं लागलं. सरांना फोन केला. त्यांनी सिटिंग वाढवायला सांगितलं.

भाऊबीजेला नणंद आली, सोबत तिची मुलगी. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कपाटावरचं मशीन उचलून तिने उलटसुलट केलं नि म्हणाली, "मामी, हे तर टेन्स आहे. पाठदुखी-गुडघेदुखीला लावतो आम्ही." मागचं स्टिकर खरवडलेलं होतं. तिने ऑनलाइन तसंच मशीन शोधून काढलं, किंमत १,८०० रुपये. त्याची माहितीपुस्तिकाही तिथेच होती. त्यात इशाऱ्यांच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं: डोक्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला लावू नये, पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये. मला पुस्तिका का दिली नव्हती ते उमगलं. शिबिरात रांगेत सत्तरीचे आजोबाही बसले होते, त्यांना कुणी पेसमेकरचं विचारल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकेच्या मान्यतेचाही छडा लावला. कानाला चिमटे लावून मेंदूला सौम्य वीज देण्याची उपकरणं तिथे खरंच आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये एफडीएने त्यांचं वर्गीकरण केलं: चिंता आणि निद्रानाश यांसाठी एक वर्ग, नैराश्यासाठी वापरायचं तर त्याहून कडक वर्ग. ॲलर्जीचं नाव कुठेच नाही. शिवाय माझ्याकडचं मशीन त्या जातीचंही नव्हतं. म्हणजे मान्यता भलत्याच यंत्राची, तीही भलत्याच आजाराची.

नंतर खऱ्या ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. आठवडाभर सेटिरिझिन बंद ठेवून हातावर थेंब टाकून टोचलं, वीस मिनिटांत दोनच ठिकाणी गांधी उठल्या: गाजरगवत आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे. दह्यावर काही नाही. त्यांनी समजावलं की रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे नाकाच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, कानाच्या पाळीतून करंट देऊन ती प्रतिपिंडं जात नाहीत. ॲलर्जीवर मुळापासून काम करणारा इलाज म्हणजे जिची ॲलर्जी आहे त्याच गोष्टीचे चढत्या मात्रेचे डोस, तीन ते पाच वर्षं. एकवीस सिटिंगच्या तुलनेत हे ऐकायला किती कंटाळवाणं!

पैशाचं काय? पावती काढून पाहिली तर त्यावर 'वेलनेस सदस्यता शुल्क, ना-परतावा' असं होतं, उपचार हा शब्दच नाही. पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा बाईच्या खात्यात गेले होते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाला खरवडलेल्या स्टिकरचे फोटो पाठवले, कारण वैद्यकीय उपकरणावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक असावाच लागतो. वकिलाची नोटीस गेल्यावर १५,००० परत आले, सोबत 'पुढे तक्रार करणार नाही' असा कागद सहीसाठी. सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथे अर्ज केला आहे, तारखा पडताहेत. शिबिरवाल्यांनी फक्त कोटाचा रंग बदलला आणि दुसऱ्या सोसायटीत शिबिर लावलं, असं ऐकते.

मशीन भाचीने चिमटे काढून, गोल पॅड लावून, ताकद कशी ठेवायची ते शिकवून सासूबाईंना दिलं. त्यांच्या गुडघ्याला बरं वाटतं म्हणतात.