रोजच्या खिशातला चाकू : स्पार्टन, क्लासिक की ओपिनेल?

नागपुरात राहून रोज खिशात बाळगायचा चाकू घ्यायचा असेल, तर पोलादाची प्रत तपासण्याआधी आपण दिवसभरात कोणकोणत्या तपासणीच्या दारांतून जातो आणि पात्याला किती आंबट रस लागणार आहे, हे पाहावे. विचार करण्याजोगे पर्याय मला तीन वाटतात : व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांबीचा स्पार्टन, त्याच कंपनीचा, मिटल्यावर ५८ मिलिमीटरचा क्लासिक आणि फ्रान्सचा लाकडी मुठीचा ओपिनेल, क्रमांक ८. खटका दाबताच उघडणारा चाकू मी या विचारात धरलेलाच नाही. त्याने फळ अधिक चांगले कापले जात नाही आणि पाहणारा मात्र दचकतो.

या चाकूंचा स्वभाव त्यांच्या जन्मापासून वेगळा आहे. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सेनर यांनी स्वित्झर्लंडमधील इबाख येथे १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. सैनिकाला डबा उघडायचा होता, बंदुकीचे स्क्रू फिरवायचे होते, म्हणून पात्याइतकेच महत्त्व इतर अवजारांना मिळाले. जोझेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास सावोय प्रांतात घडवलेला चाकू मात्र शेतकऱ्याच्या हातातला आहे, त्यात एक पाते आणि एक मूठ याखेरीज काही नाही. त्यामुळे नुसत्या कापण्याच्या कामात ओपिनेल उजवा ठरतो. त्याचे ८.५ सेंटिमीटरचे पातळ पाते मोसंबीच्या जाड सालीतून किंवा कैरीतून ज्या सहजतेने जाते, ती स्पार्टनच्या पात्यात येत नाही. शिवाय मुठीवरचे फिरते कडे, जे १९५५ पासून बसवले जाते, उघडे पाते पक्के धरून ठेवते. स्पार्टनमध्ये केवळ स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून त्याचे टोक कशात खुपसण्याचे काम जपूनच करावे.

परंतु ओपिनेल घेणाऱ्याने आपल्या हवेचा विचार केलाच पाहिजे, आणि हा मुद्दा खरेदीच्या वेळी फार थोडे लोक लक्षात घेतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची मूठ कोरडी पडते आणि पाते सैल फिरते. जुलैत तेच लाकूड ओलाव्याने फुगून पाते असे आवळते की नखाने उघडता येत नाही. माझ्या ओपिनेलचे पहिल्या पावसाळ्यात असेच झाले होते. मुठीचे मागचे टोक टेबलावर हलके आपटले की पाते थोडे बाहेर येते, ही सावोयमधील जुनी युक्ती तेव्हा कामी आली. उन्हाळा संपण्याआधी मुठीला जवसाचे तेल पातळ चोळून पूर्ण वाळू दिले, तर लाकूड ओलावा सावकाश घेते. विदर्भात जवस घरोघरी ओळखीचे असल्याने हा उपाय अवघड नाही. स्पार्टन व क्लासिकच्या प्लास्टिकच्या बाजूंना ही काळजी लागत नाही.

ओपिनेल कार्बन पोलादात आणि स्टेनलेस पोलादात, अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. कार्बनच्या पात्याला साध्या दगडावर लवकर आणि फार सुरेख धार लागते, पण लिंबू, संत्रे, कैरी यांच्या आम्लाने ते काळवंडते, फळाला लोखंडाचा वास लागतो आणि ओले राहिले तर गंज चढतो. स्टेनलेस प्रकारात पुरेसे क्रोमियम असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो. संत्र्याच्या या शहरात, डब्याबरोबर फळ नेणाऱ्याने, स्टेनलेसच घ्यावा.

तपासणीच्या बाबतीत तिघांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती अथवा शेतीच्या उपयोगासाठी नसलेली हत्यारे मोडतात, आणि हे तिन्ही चाकू त्या मापांच्या कितीतरी आत आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास मनाई करू शकतात, तो आदेश लागू असताना चाकू घरीच ठेवावा. मेट्रो स्थानक, न्यायालय, अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाचा परिसर येथे कोणताही चाकू अडवला जाईल असे धरून चालावे. विमानाने जाताना तो चेक-इन सामानातच द्यावा.

ज्याचे दिवसभराचे काम कार्यालयात आहे, त्याला मी क्लासिक सुचवतो : अवघ्या २१ ग्रॅमचा, किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा, आणि त्यातली छोटी कात्री औषधाची पट्टी, दोरा, पाकीट यांसाठी पात्यापेक्षा अधिक वेळा वापरली जाते. दुरुस्तीची किरकोळ कामे करणाऱ्याने सुमारे ६० ग्रॅमचा स्पार्टन घ्यावा, कारण स्क्रू फिरवणे, वायरचे आवरण काढणे व डबा उघडणे या गोष्टी ओपिनेलला जमत नाहीत. काटोल-नरखेडकडे बागेत ज्याचे नित्य जाणे आहे, त्याच्या खिशात स्टेनलेस ओपिनेलच असावा. त्याने फळ कापल्यावर पाते लगेच पुसावे आणि मुठीची खाच कोरडी झाल्यावरच चाकू मिटावा, कारण रस पात्यावर नव्हे तर त्या खाचेत साचतो.