बोर्डिंग की घरी राहणारी पेटसिटर? गणपतीला गावी निघण्याआधी

गौरी-गणपतीला गुहागरला जायचं ठरलं की आमच्याकडे पहिला प्रश्न गुंडी आणि मनीचा असतो. गुंडी सहा वर्षांची देशी कुत्री, मनी तिच्याहून थोरली मांजर. गेल्या चार वर्षांत दोनदा बोर्डिंग झालं, म्हणजे पैसे देऊन जनावरं ठेवायची जागा, आणि दोनदा पेटसिटर, म्हणजे आपल्या घरी येऊन त्यांना सांभाळणारी व्यक्ती. यंदा ज्यांना ठरवायचंय त्यांना आमचा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी बोर्डिंगबद्दल. आम्ही निवडलेली जागा पुण्याबाहेर होती. मोठं मोकळं आवार, भक्कम कुंपण आणि मालकाचा कुत्र्यांवर खरा जीव. आत घेण्याआधी त्यांनी लसीचं कार्ड नीट वाचलं. रेबीज, नाइन-इन-वन (अनेक रोगांवरची एकत्र लस), केनेल कफ (कुत्र्यांचा सांसर्गिक खोकला), सगळ्याच्या तारखा पाहिल्या. गोचिडांचं औषध कधी लावलं तेही विचारलं. हे न विचारता जनावर ठेवून घेणारी जागा दिसली तर तिथूनच परत फिरा, कारण गोचिडतापाने कुत्रं आठवड्याभरात पार खचतं. आणखी एक गोष्ट बोर्डिंगच्या बाजूची: गणपतीत पुण्यात ढोल-ताशे सुरू झाले की गुंडी बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते. तिकडे ती शांतता होती. तरुण, चार कुत्र्यांत रमणारा लॅब्रॅडॉर असेल तर त्याची तिथे चंगळच होईल.

पण माझं मन फिरलं ते दुसऱ्या वर्षी. सात दिवसांनी गुंडीला आणायला गेलो. लांबूनच तिने ओळखलं, शेपटीबरोबर अख्खं अंग हलत होतं. तोंड उघडून ती भुंकत होती आणि आवाज येत नव्हता. घशातून नुसती फुसफुस. मालकांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "फाटकाशी गाडी थांबली की ही उठून भुंकायची. रात्रीसुद्धा." म्हणजे येणारी प्रत्येक गाडी तिला आमची वाटत होती. डॉक्टरांनी तपासलं, घसा भुंकून सुजलाय, काळजी नको म्हणाले. नवव्या दिवशी सकाळी दूधवाल्याची बेल वाजली आणि ती पहिल्यासारखी खणखणीत भुंकली, तेव्हा बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. यात बोर्डिंगवाल्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. एका कुत्रीवरून सगळ्यांचं ठरवणंही बरोबर नाही. पण ती फुसफुस माझ्या कानातून गेली नाही.

मांजराच्या बाबतीत मात्र मी फारसा घुटमळत नाही. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत असतो. मनीने बोर्डिंगमध्ये तिसऱ्या दिवशी पहिला घास खाल्ला. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येऊ शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

पुढची दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करणारी एक मुलगी आमच्या घरी येऊन राहिली. तिला शांत खोली हवी होती, आम्हाला रात्री घरात माणूस हवं होतं. ढोल वाजायला लागले की ती बाथरूमच्या दारात पुस्तक घेऊन बसायची. नुसती मांजर असेल तर दिवसातून दोन फेऱ्या मारणारी सिटर पुरते, पण कुत्र्यासाठी मुक्कामीच बघा.

किल्ली परक्याच्या हातात द्यायची, हा धसका आम्हालाही होता. म्हणून आधी दोनदा तिला चहाला बोलावलं, गुंडीला घेऊन टेकडीवर एकत्र फिरायला गेलो, मग एका रविवारी दिवसभर घर तिच्यावर सोडलं. गेटवरच्या वहीत तिचं नाव लिहवलं. गुंडी दाराच्या फटीतून निसटते, त्यामुळे "आधी पट्टा, मग कडी" असं दाराच्या आतून चिकटवलं. पहिल्याच वर्षी त्या मुलीला ताप आला, तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन दिवस सांभाळलं. बोर्डिंगमध्ये कोणी ना कोणी असतंच, इथे तसं नाही. तेव्हा दुसरा माणूस आधीच सांगून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर बोर्डिंग दर जनावरामागे घेतात, सिटर घरामागे. दोन जनावरं असल्याने आमचा हिशोब जवळपास सारखाच झाला. एकच लहान कुत्रं असेल तर बोर्डिंग बहुधा स्वस्त पडेल.

गेल्या वर्षी कुंभार्ली घाटात अडकलो, घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. बोर्डिंग असतं तर फाटक सकाळीच उघडलं असतं. इथे आम्ही जिन्यात दुसऱ्या मजल्यावर असतानाच वरून दाराआडून गुंडीचा आवाज आला. पूर्ण, मोकळा, नेहमीचा.