पुसलेले व्हिडिओ आणि गुगलचे १०० जीबी: यात्रेपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. पैसे भरून घेतलेली गुगलच्या क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीची, जागा मी चालू ठेवणार आहे. ‘डिलीट झालेले व्हिडिओ एका क्लिकमध्ये परत मिळवा’ म्हणणारी ॲप मात्र फोनवरून काढून टाकली, आणि कोणी विचारले तर त्यांना पैसे देऊ नका असेच सांगतो.

आता वापर कसला होता ते. आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूला. यंदा गावात महालक्ष्मी यात्रा झाली. सीमाभागाबाहेरच्यांना सांगायला हवे की ही यात्रा दरवर्षी येत नाही. कुठे बारा वर्षांनी येते, कुठे त्याहूनही जास्त वर्षांनी. गदगेवर, म्हणजे तिच्या आसनावर, बसलेली देवी, होन्नाट हा देवीचा खेळ, रथ, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे, सगळ्या पोरांनी फोन वर धरून टिपले. लग्नाची शूटिंग बिघडली तर अल्बम तरी असतो. इथे पुढची यात्रा बघायला घरातली म्हातारी माणसे असतील की नाही हाच प्रश्न. म्हणून गोव्यात, पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्या-पुतण्यांचे सगळे व्हिडिओ माझ्या एका खात्यात गोळा करायचे ठरले.

फुकटची १५ जीबी जागा त्यात कधीच संपली. ती जागा एकट्या फोटोंची नसते; जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघे मिळून वापरतात, आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा त्यातच मोजला जातो. भरली की मेल येणेही थांबते, हे घरात कॉलेजची पोरे असतील त्यांनी लक्षात ठेवावे. गावात अजून पुष्कळांना वाटते की गुगलवर फोटो फुकट जातात. ती अमर्याद सवलत १ जून २०२१ ला बंद झाली. त्याआधी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले मोजत नाहीत, नंतरचे सगळे मोजतात. मी १०० जीबीचा प्लॅन घेतला, महिना १३० रुपये, वर्षाचे एकदम भरले तर १३००. घरातल्या आणखी पाच जणांना त्यातली जागा वाटून देता येते, प्रत्येकाचे खाते आणि फोटो वेगळे ठेवून. ही सोय मला सगळ्यात आवडली, आणि नेमकी तीच आमच्याकडे सुरुवातीला कोणी वापरली नाही.

कारण आपल्याकडची पद्धत वेगळी. नवीन फोन घेतला की दुकानातला पोरगा विचारतो, जीमेल आहे काय? घरात जे एक असेल ते सगळ्यांच्या फोनवर घालून मिळते. वहिनींच्या फोनवर माझेच खाते होते. पावसाळ्यात त्यांच्या फोनवर जागा भरल्याचा इशारा आला आणि त्यांनी गॅलरीतले मोठे व्हिडिओ निवडून उडवले. संध्याकाळी मला म्हणाल्या, “भावजी, फोन लई हँग होऊलालता, जुनं सगळं काढलंय बघा.” तोवर माझ्या फोनवरूनही रथाचे सगळे व्हिडिओ गेले होते.

यात वहिनींना काय बोलणार? त्यांच्या फोनची गॅलरी म्हणजेच गुगल फोटोज. तिथे पुसले की त्या खात्याच्या क्लाउडमधून आणि त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक फोनमधून जाते. फोनमधली जागा मोकळी करायची आणि क्लाउडवर ठेवायचे, यासाठी ‘फ्री अप स्पेस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्यांचीच फोनमधली प्रत काढतो. दोन्ही कामे दिसायला एकसारखी, परिणाम अगदी उलट.

पण इथेच पैसे वसूल झाले. बॅकअप झालेला व्हिडिओ पुसल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये पडून असतो. काही फोनवर त्याला बिन म्हणतात. वहिनींचे माहेर बैलहोंगलकडचे, त्यांचा फोन कन्नडमध्ये. पण कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह सगळीकडे तेच. कलेक्शन्समध्ये गेलो, डबा उघडला, सगळे निवडले, रिस्टोअर दाबले. व्हिडिओ आपापल्या तारखेला आणि आपापल्या अल्बममध्ये परत जाऊन बसले. बॅकअप न झालेल्यांना हीच मुदत ३० दिवसांची असते. आणि जागा मोकळी करायच्या नादात कोणी डबाच रिकामा केला, तर विषय संपला.

त्यामुळे कोणी “व्हिडिओ उडाला” म्हणून फोन घेऊन आले की मी आधी तीन ठिकाणी बघतो. फोटोजचा ट्रॅश. मग फोनच्या स्वतःच्या गॅलरीचा ट्रॅश, तो वेगळा असतो. सॅमसंगमध्ये त्यात ३० दिवस राहते. आयफोनमध्ये ‘रीसेंटली डिलीटेड’. आणि तिसरे, जे कोणाच्याच डोक्यात येत नाही, व्हॉट्सॲपचे सेंट फोल्डर. आपण व्हिडिओ कोणाला पाठवतो तेव्हा व्हॉट्सॲप त्याची दाबून लहान केलेली प्रत फोनमध्येच वेगळी ठेवते. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सॲपचे फोल्डर, असे आत आत जात ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’मध्ये सेंट सापडते. शेजारच्या काकांच्या नातवाचे बारसे असेच मिळाले. चित्र जरा धूसर, पण आवाज स्वच्छ.

रिकव्हरी ॲपविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण लोक रडकुंडीला येऊन तिथेच पैसे घालतात. ॲप उघडले की स्कॅन चालते, हजारो चित्रे दिसतात, आणि वाटते सापडले! ती बहुतेक थंबनेल, म्हणजे गॅलरीत दिसणाऱ्या चिमुकल्या प्रती असतात, नाहीतर मुळात न पुसलेल्या फायली. व्हिडिओ परत हवा म्हटले की पैसे मागते, आणि हाती येते टिकलीएवढे चित्र. यात ॲपचा लबाडपणा आहेच, पण फोनची रचनाही तशीच आहे. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये आतली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असणे सक्तीचे आहे. शिवाय फाइल पुसली की फोन साठवणीच्या चिपला सांगतो, ही जागा आता लागत नाही, आणि चिप ती सवडीने खरोखरच साफ करते. साध्या ॲपला त्या थरापर्यंत जायची परवानगीही नसते. बेळगावात एका दुकानात “करून देतो, आधी ॲडव्हान्स द्या” असे ऐकले. मी फोन खिशात घालून बाहेर आलो आणि समोर चहा प्यायलो.

मेमरी कार्डचे मात्र वेगळे आहे, तिथे आशा ठेवावी. कॅमेऱ्याचे किंवा फोनमध्ये साधे घातलेले कार्ड एन्क्रिप्ट केलेले नसते. व्हिडिओ पुसला तरी त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत माहिती तिथेच असते. एका पोराने ड्रोनच्या कार्डावरून आमच्या यात्रेचे फुटेज उडवले. त्याला पहिली गोष्ट सांगितली: कार्ड काढ आणि त्यावर आता एक फोटोसुद्धा काढू नको. मग लॅपटॉपवर फोटोरेक चालवले. हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले. दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरे, पण नावात फोटो असले तरी व्हिडिओही काढते. सापडलेल्या फायली त्याच कार्डावर साठवायच्या नाहीत, लॅपटॉपवर साठवायच्या. नावे आणि फोल्डर परत येत नाहीत, एफ आणि पुढे आकडे अशा नावांचा ढीग मिळतो. फोटो जवळजवळ सगळे निघाले. व्हिडिओंपैकी मोठे काही चाललेच नाहीत, कारण मोठी फाइल कार्डावर तुकड्यांत विखुरलेली असू शकते आणि असे सॉफ्टवेअर ते तुकडे जुळवू शकत नाही.

आता क्लाउडबद्दलच्या तक्रारी. आमच्याकडे पाऊस लागला की वीज जाते, विजेमागून वायफाय. मोबाइल डेटावर बॅकअप मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही, आणि चालू केला तरी जांबोटी-कणकुंबीकडच्या नातेवाइकांना तेवढी रेंज मिळायला हवी. त्यामुळे ‘बॅकअप चालू आहे’ यावर विसंबू नये, प्रत्येक व्हिडिओवर झाला का ते बघावे. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ आपोआप जात नाहीत, ते फोल्डर सेटिंगमध्ये वेगळे चालू करावे लागते. आणि ‘स्टोरेज सेव्हर’ हा जागा वाचवणारा पर्याय लावला असेल तर मोठे व्हिडिओ १०८० पी या कमी दर्जाला उतरतात. फोनवर बघायला पुरेसे. रथाचे व्हिडिओ मी मूळ दर्जातच ठेवले.

खाते जपणे हेही यातच आले. दोन वर्षे कोणी न उघडलेले खाते गुगल बंद करून आतले सगळे काढून टाकू शकते, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. माझ्या चुलत्यांच्या भजनाचे व्हिडिओ त्यांच्याच जुन्या खात्यात होते. ते वारल्यावर त्यांचे सिम घरच्यांनी बंद केले नव्हते म्हणून नंबरावर कोड आला आणि पासवर्ड नवा करता आला.

सध्याची व्यवस्था अशी: घरात प्रत्येकाचे वेगळे खाते, जागा फॅमिली ग्रुपमधून वाटलेली, यात्रेचा अल्बम शेअर केलेला. वहिनींनी आता काहीही पुसले तरी त्यांचेच जाते. शिवाय दिवाळीत टेकआउटमधून, म्हणजे आपली माहिती उतरवून घ्यायच्या गुगलच्या सोयीतून, सगळे उतरवून हार्ड डिस्कवर घेतले. मोठ्या झिप फायलींत येते, लिंक सातेक दिवसच चालते, आणि आमच्या नेटवर ते एका बैठकीत होत नाही. म्हणून बहिणीकडे बेळगावच्या शहापूरला जाऊन उतरवले. व्हिडिओंच्या तारखा जेसन नावाच्या वेगळ्या मजकुराच्या फायलींत येतात, ते निस्तरायचे काम अजून बाकी आहे. डिस्क बहिणीच्याच कपाटात ठेवली आहे.