नवी मुंबईत कोपरखैरणेतला मुलींचा पीजी: शनिवार-रविवारचा रिव्ह्यू

पीजीचं नाव टाकत नाहीये. मालकीण काकू माणूस म्हणून वाईट नाहीत, आणि यातल्या अर्ध्या तक्रारी इथल्या कुठल्याही पीजीला चिकटवल्या तरी चालतील. सिडकोच्या जुन्या रो हाऊसवर मजले चढवलेली बिल्डिंग, खाली किराणा, बाजूला झेरॉक्सवाला, एवढ्यावरून शोधायला निघालात तर अर्धं कोपरखैरणे पालथं घालाल.

मी जळगावची. थर्ड इयरचे पेपर संपले आणि मे-जूनसाठी महापेला एका कंपनीत इंटर्नशिप लागली. स्टायपेंड दहा हजार, पीजी तीन शेअरिंगमध्ये जेवणासकट साडेआठ हजार, एसीचं लाईट बिल वेगळं. हातात काय उरतं ते तुम्हीच काढा, पप्पा मधूनमधून जीपे करायचे म्हणून निभावलं.

आता मुद्दा असा की पीजी बघायला गेलं की आपण गादी दाबून बघतो, गिझर चालू करून बघतो, वायफायचा स्पीड काढतो आणि खूश होऊन टोकन देऊन येतो. पण सोमवार ते शुक्रवार आपण तिथे असतो कुठे? सकाळी पोहे खाऊन शेअर रिक्षाने महापे, दिवसभर ऑफिसच्या एसीत, संध्याकाळी सात-साडेसातला परत, जेवण, घरी फोन, झोप. एवढ्यासाठी कुठलाही पीजी चालतो हो. पीजी कसा आहे ते कळतं शनिवारी सकाळी दहा वाजता, जेव्हा मजल्यावरच्या सगळ्या पोरी एकदम घरी असतात, सगळ्यांना केस धुवायचे असतात, वॉशिंग मशीन एकच असतं आणि वायफायवर प्रत्येकीची वेगळी सीरिज चालू असते. आमच्याकडे अकराच्या आत वरची टाकी रिकामी व्हायची. नवी मुंबईला मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी आहे, शहराला बऱ्यापैकी पाणी येतं, पण आमच्या टाकीपर्यंत ते चढवायला मोटर लावावी लागते आणि मोटरच्या खोलीची चावी काकूंच्या कमरेला, आणि काकू शनिवारी सकाळी भजनाला. डोक्याला शॅम्पू लावून बाथरूममधून 'काकू आल्या का गं' असं ओरडणारी एक तरी पोरगी दर शनिवारी असायचीच.

जेवणाचं सांगते. रोजचं ठीक आहे, म्हणजे चपात्या मऊ असतात, भाजीत बटाटा कायम हजर, वरण असं पातळ की ताटात वाटी कलंडली तर थेट टेबलाच्या कडेने खाली. स्वयंपाकाच्या मावशी साताऱ्याच्या, हाताला चव आहे पण काकू तेल-दाणे मोजून देतात. मी एकदा ठेचा करून द्या म्हटलं तर मावशींनी लोखंडी तव्यावर मिरच्या-लसूण भाजून तांब्याच्या बुडाने तिथेच रगडला, त्या दिवशी आमच्या टेबलवर कोणी भाजीकडे बघितलं नाही. नागपूरची रूममेट म्हणे, बाप्पा, हे रोज काहून नाही करत.

रविवारी दुपारी स्पेशल असतं, व्हेजला पनीर, नॉनव्हेजला चिकन. ऐकायला छान आहे. मावशींचा डाव भांड्यात जातो, वर येतो, मग त्या डाव जरा तिरका करून पनीरचे तुकडे बघतात, एक जास्त आला असेल तर तो अलगद परत आत सोडतात आणि उरलेली जागा ग्रेव्हीने भरतात. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत, चेहऱ्यावरची रेष न हलवता. मावशींना बोलून उपयोग नाही, त्यांना वरून तसं सांगितलेलं आहे. आणि रविवारी रात्री मेस बंद! ही गोष्ट पैसे भरेपर्यंत कोणी सांगत नाही. पीजी ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा, गादी नंतर दाबा. रविवारी रात्रीचं बाहेरचं जेवण महिन्याला हजारभर रुपये सहज खातं, आणि दुपारी बाहेर गेलात तर स्पेशल पण गेलं, डबा भरून ठेवत नाहीत.

मग आम्ही सरळ ठरवलं की रविवार पीजीत घालवायचाच नाही. आणि इथे या पीजीला पूर्ण मार्क, कारण स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. हीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी बाकी सगळं सहन करावं. ट्रान्सहार्बर लोकल लाईनवर एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला वाशी आणि पनवेल, आणि लोकलचं तिकीट इतकं कमी की स्टायपेंडवाल्या माणसाला पण परवडतं. फक्त रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असतात त्या वेळा, शनिवारी रात्रीच बघून ठेवायचा, नाहीतर प्लॅटफॉर्मवर बसून इंडिकेटरकडे बघत राहायचं.

ठाण्याला आम्ही सगळ्यात जास्त गेलो. मामलेदारची मिसळ खाल्ली, मी खान्देशातली, शेवभाजीवर वाढलेली, म्हणून ऐटीत तिखट सांगितली आणि दोन घास खाल्ल्यावर दुसरी रूममेट, रत्नागिरीवाली, माझ्याकडे बघून हसत होती, पण मी रस्सा मागून घेतला, जळगावची अब्रू राखली. नंतर तलावपाळीला मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसायचं, कौपिनेश्वराच्या देवळात जाऊन यायचं, स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव. जांभळी नाक्याला भाजी-फुलांचा बाजार असतो तिथून गजरे घ्यायचे, जळगावपेक्षा महाग पण रविवारी चालतं. मुंबईहून ठाण्याला १८५३ साली देशातली पहिली प्रवासी रेल्वे आली ते शाळेत पाठ केलं होतं, आता त्याच स्टेशनवर रविवारी संध्याकाळी परतीच्या गर्दीत उभं राहिलं की तेव्हापासून कोणी उतरलंच नाही की काय असं वाटतं.

आता गेटचं. रात्री दहाला बंद, सकाळी सहाच्या आत उघडत नाही. मुलींचा पीजी आहे, घरच्यांना बरं वाटतं, आईने तर दहा ऐकून साडेआठ का नाही विचारलं. दहाचं मला पण फार जड गेलं नाही. त्रास झाला तो सकाळच्या सहाचा. माथेरानला जायचं ठरलं होतं, म्हणजे ठाण्याला जाऊन कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरून शेअर टॅक्सीने दस्तुरी, तिथून पुढे गाड्यांना बंदी, मग चालत किंवा अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल. उन्हं चढायच्या आत वर पोचायचं तर पाचला निघायला हवं. वॉचमन काका गेटच्या आतल्या बाजूला खाटेवर झोपतात आणि त्यांना आदल्या रात्री सांगून ठेवलं तरी सकाळी त्यांना काही आठवत नाही, आम्ही गेट वाजवतोय आतूनच, समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत आले, काका नाही उठले. शेवटी काकू गाऊनमध्ये खाली आल्या. त्यांनी आधी कुलूप उघडलं आणि मग रागावल्या, हा क्रम मला आवडला. माथेरान छान झालं, लाल मातीने पांढरे बूट गेले ते गेले. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद ठेवतात, अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते, जूनच्या मध्यानंतर जाणार असाल तर तसं ठरवा.

आणि ते रजिस्टर! गेटवर जाड वही, त्यात नाव, वेळ, मोबाईल नंबर, आणि एक रकाना 'जाण्याचे कारण'. फिरायला असं लिहिलं की काकू विचारणार कोणाबरोबर, कुठे, परत कधी, आईला सांगितलंय का. त्यामुळे जुन्या पोरींनी सुरुवातीलाच शिकवलं, मामाकडे लिहायचं. रविवारचं पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत मामाकडे, मामाकडे, मामाकडे, मध्येच कोणीतरी धीट 'मिसळ'. एकदा काकू वही चाळत म्हणाल्या, अगं पोरींनो, तुमच्या सगळ्यांचा मामा ठाण्यालाच कसा गं राहतो? आणि स्वतःच हसल्या. त्यानंतर आम्ही खरं लिहायला लागलो आणि काही बिघडलं नाही.

नवी मुंबईतल्या नवी मुंबईत पण बरंच आहे, लोक उगाच म्हणतात इथे नुसते मॉल आहेत. मेमध्ये सीवूड्सला उतरून डीपीएस तलावाकडे गेलो, फ्लेमिंगो बघायला. टीप अशी की भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला ते ठाण्याच्या खाडीतल्या चिखलात खात असतात, भरतीचं पाणी चढलं की तो चिखल बुडतो आणि मग आतल्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. मे संपता संपता बहुतेक निघून जातात, आम्हाला शेवटचे राहिलेले दिसले, लांबून गुलाबी पट्टा आणि मध्येच एखादा मान वर काढून बघतोय. मागे उंच टॉवर. ऐरोलीला खाडीकाठी जैवविविधता केंद्र आहे तिथून सीझनमध्ये बोट पण निघते, पण आधी बुकिंग करून जा.

बेलापूरहून मेट्रो आहे, २०२३ च्या नोव्हेंबरपासून पेंधरपर्यंत चालते, सेंट्रल पार्क स्टेशनला उतरलं की खारघरचं मोठं उद्यान. संध्याकाळी वारा असतो, आणि मला वाऱ्याची किंमत इथे आल्यावर कळली, कारण जळगावला चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन सोसलेली मी इथल्या छत्तीसमध्ये घामाने पार गळून जायचे. ऊन कमी आणि घाम दुप्पट, हा काय प्रकार आहे राव. जूनमध्ये पाऊस पडला की खारघरच्या डोंगरावरून पांढऱ्या रेघा उतरताना दिसतात आणि ऑफिसमधला कोणीतरी पांडवकडा धबधब्याला जाऊ म्हणतोच. तिथे पावसाळ्यात जायला बंदी असते, माणसं वाहून गेली आहेत, पोलीस वाटेत अडवतात. लांबून बघा, कणीस खा, परत या.

उरणला पण लोकल जाते आता, जानेवारी २०२४ पासून, नेरूळहून किंवा बेलापूरहून. समुद्र बघायचा म्हणून आम्ही पिरवाडीला गेलो, स्टेशनवरून रिक्षा करावी लागते. लोकलच्या खिडकीतून खाडी, तिवरं, मिठागरं, मध्येच कंटेनरचे ढीग, मला तर बीचपेक्षा तो प्रवास आवडला. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ बघूनच वाळूत बसा. आम्ही शेवटी धावत पकडली आणि पीजीवर पोचलो तेव्हा गेट बंद व्हायला पाच मिनिटं होती, वॉचमन काका त्या वेळी मात्र टक्क जागे.

आंब्याचं राहिलं. तुर्भ्याला एपीएमसीचं (बाजार समितीचं) फळ मार्केट एकच स्टेशन पुढे आहे, मेमध्ये तिथे गेलात तर नुसत्या वासानेच पोट भरतं. पेटी घ्यायची तिघींत वाटून, सुटे देत नाहीत बहुतेक ठिकाणी. रत्नागिरीवाली प्रत्येक पेटी उघडून सालीवरून ठरवत होती की हा आमच्याकडचा नाही, दुकानदार वैतागला. खोलीत पेटी ठेवली तर मुंग्या आल्या आणि काकूंनी नोटीस लावली, 'खोलीत आंबे ठेवू नयेत'. मग काकूंना चार आंबे दिले तर नोटीस भिंतीवरून गायब. असं आहे इथलं प्रशासन.

ज्या पोरींना जूनच्या शेवटी किंवा डिसेंबरमध्ये इंटर्नशिपसाठी यायचंय त्यांनी खोली बघायला शनिवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास जावं, वर्किंग डेला सगळे पीजी चकाचक दिसतात. नळ सोडून बघा, मशीनसमोर बादल्यांची लाईन किती ते बघा. खिडकीजवळचा बेड मागा, दाराजवळच्या बेडवर रात्रभर पॅसेजचा लाईट येतो. पावसात कपडे वाळायला जागा आहे का विचारा, आमच्याकडे नव्हती, जूनमध्ये जीन्स पंख्याखाली तीन-तीन दिवस लटकायची आणि खोलीला कायम ओला वास. नोटीस पिरियड नीट विचारा, कारण आपण दोन महिन्यांसाठी येतो आणि हे लोक एक महिन्याची नोटीस मागतात, म्हणजे अर्धी इंटर्नशिप होत नाही तोवर निघायचं सांगावं लागतं. सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, तोंडी बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन स्टेशनचे, एक मावशींच्या ठेच्याचा, आणि अर्धा काकू गाऊनमध्ये खाली आल्या त्याचा. सुरक्षित आहे, हे आयांसाठी वेगळं लिहिते. डिपॉझिटमधून काकूंनी रंगाचे म्हणून दीड हजार कापलेत, भिंतीला मी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता, खोलीचे फोटो पाठवलेत, त्यावर दोन निळ्या टिका आल्यात आणि खाली 'बघते गं' एवढंच.