टाळी वाजवून दाखवलेली फसवणूक

निवृत्तीनंतर दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी मी गाणे ऐकण्यासाठी एक खोली बांधली. स्लॅबचे छत, सिमेंटचा गिलावा, खाली टाइल्स आणि लांबी-रुंदी दोन्ही 3.4 मीटर. त्या खोलीत ताना एकमेकींत मिसळून जात आणि डग्ग्याचा एखादा ठोका इतका घुमे की पुढचे दोन ठोके त्यात बुडून जात. त्यावर उपाय म्हणून भिंतींना फोम लावून देतो, असे सांगत एक विक्रेता आला. सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशांतून मी त्याला 38,000 रुपये दिले.

तो कसा पटला, हे सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याने आधी रिकाम्या खोलीत टाळी वाजवली, मग दोन भिंतींवर फोमचे तुकडे टेकवून पुन्हा वाजवली आणि म्हणाला, "पाहा न गुरुजी, आवाज कसा मेला!" आवाज खरोखरच मेला होता, पण टाळीत वरच्या पट्टीचा आवाज अधिक असतो आणि तो कोणताही पातळ फोम, सतरंजी किंवा जाड पडदासुद्धा शोषून घेतो. माझी तक्रार डग्ग्याची होती आणि परीक्षा झाली टाळीची. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून डग्ग्यासारख्या खालच्या, 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 कंपनांच्या) लहरीची लांबी 3.4 मीटर, नेमकी माझ्या दोन भिंतींमधल्या अंतराएवढी भरते. अशा स्वराला खोली स्वतःच साथ देते आणि चौरस खोली ती दोन्ही दिशांनी देते. तो स्वर 1 इंच जाडीच्या फोमला दादच देत नाही. विक्रेत्याने खोलीत टेप लावून एकही माप घेतले नव्हते, तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

मालही सांगितला तो नव्हता. फोमची घनता घनमीटरला 50 किलो असल्याचे त्याने सांगितले होते. त्या हिशेबाने 1 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 इंच जाड तुकड्याचे वजन सुमारे 118 ग्रॅम भरायला हवे. किराणा दुकानातल्या काट्यावर ते 40 ग्रॅम भरले. 'आग न पकडणारा' म्हणून दिलेला तुकडा अंगणात पेटवून पाहिला, तर तो भडकला, वितळून थेंब थेंब गळू लागला आणि काळा धूर निघाला. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 2013 साली नाइटक्लबच्या छताचा असाच फोम पेटला आणि त्याच्या विषारी धुराने 242 माणसे गेली, हे वाचल्यावर मी त्याच दिवशी सगळा फोम उतरवला. त्या खोलीत माझी नातवंडे झोपतात. बाहेरच्या थ्रेशरचा आवाज बंद होईल, हे आश्वासनही खोटेच होते, कारण आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात.

खरा फरक पडला तो खुर्ची हलवल्याने. मागच्या भिंतीला टेकलेली खुर्ची मी सुमारे 85 सेंटिमीटर, म्हणजे भिंतींमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्शाएवढी पुढे घेतली. तिथे त्या 100 हर्ट्झच्या लहरीचा दाब सर्वांत कमी असतो आणि डग्गा बराच मोकळा झाला. कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून छतापर्यंत उभ्या केल्या आणि जमिनीवर सतरंजी अंथरली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहातला घुमारा भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1895 च्या सुमारास खुर्च्यांवरच्या, आवाज शोषणाऱ्या उशा ठेवून मोजला होता; आपल्या कापसाच्या मुलखात तेवढी सामग्री प्रत्येक घरी असते.

पैसे मात्र परत मिळालेले नाहीत. मी पक्के बिल मागितले नाही आणि रक्कम त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर पाठवली. ज्यांच्याकडे बिल आहे, त्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.