‘मशीन हेड’ की ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’?

रामबागेतल्या आमच्या घरी बाबांचा टर्नटेबल दुरुस्त होऊन आला आणि पुतण्याने विचारलं, "काका, पहिली तबकडी कोणती घेऊ?"

ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पलची ‘मशीन हेड’ (१९७२) स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कॅसिनोत रेकॉर्ड व्हायची होती. डिसेंबर १९७१मध्ये अमेरिकन संगीतकार फ्रँक झाप्पांच्या कार्यक्रमात कॅसिनो जळाला आणि बँडने रिकाम्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत वाजवलं. बँडच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवरचा ऑर्गन, गिटारसाठीच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून गुरगुरतो. त्यातल्या ‘लेझी’ या गाण्याची सुरुवात ऐका, पेटी ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला तो ऑर्गन लगेच घरचा वाटला.

ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या ब्रिटिश बँडची ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ (१९७१) वेगळ्याच मातीची. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच. इथे काही गाण्यांत त्याने, गवयाने पट्टी उतरवावी तशी, गिटार तीन अर्धस्वर खाली आणली. सैल तारा बोटांना सोप्या आणि आवाज जडशीळ.

तबकडीवर फरक आणखी उठतो. सुई आत सरकते तशी दर फेरीतली खाच आखूड होते, चढे स्वर बोथटतात. पर्पलच्या झांजांना ते सोसत नाही. सॅबथच्या तबकडीतलं शेवटचं गाणं ‘इंटू द व्हॉइड’, त्याचं वजन खर्जातच, त्याचं फार बिघडत नाही. त्याच तबकडीतलं ‘सॉलिट्यूड’ मात्र इतकं हळुवार की थोड्या धुळीनेही करकर ऐकू येते.

पुतण्याला ‘मशीन हेड’ सांगितली. सॅबथ रात्री एकट्याने ऐकायची. ती त्याला दिवाळीत मीच देणार आहे.